दगड एकसंध नसतो : 'धूमकेतू' पुन्हा वाचताना

जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वी वाचते. ती कशामुळे वाचली, हे मात्र पृथ्वीवरच्या जवळजवळ कुणालाच कळत नाही. मला या कथेबद्दल जे म्हणायचं आहे, ते या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. घरी स्वतःची दुर्बीण, तिचं लाडाचं नाव दिब्यचक्षू. पत्नी इंद्राणीदेवींच्या मते ही दुर्बीण म्हणजे घरात आलेली सवतच. एका रात्री दत्तदांना नवा धूमकेतू सापडतो, त्याला त्यांचंच नाव मिळतं, सत्कार होतात. इंद्राणीदेवी मात्र म्हणतात, की हा शोध तुमच्या हातून लागला नसता तर बरं झालं असतं, धूमकेतू अशुभ असतो. दत्तदा हसतात. तिकडे ब्रिटनमध्ये जेम्स फोर्सिथ नावाचा तरुण खगोलशास्त्रज्ञ गणित करतो आणि त्याला दिसतं, की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. त्याचा शोधनिबंध छापण्याआधीच थांबवला जातो. सर जॉन मॅकफर्सन हे सरकारचे वैज्ञानिक सल्लागार मोजक्या तज्ज्ञांची गुप्त बैठक बोलावतात. त्या बैठकीला दत्तदाही जातात. अणुस्फोटकं भरलेलं यान पाठवून धूमकेतूला वाटेतच ढकलायचं, असं ठरतं. आणि इकडे दत्तदांच्या घरी धूमकेतूची पीडा टळावी म्हणून शांतियज्ञ होतो.

एनसीईआरटीच्या आठवीच्या इंग्रजी पूरक वाचनात ही कथा दोन भागांत होती, त्यामुळे माझ्या वयाच्या अनेकांना ती 'परीक्षेतली कथा' म्हणून माहीत आहे. परीक्षेत तिचं उत्तर ठरलेलं असायचं : लेखकाने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि अंधश्रद्धा यांतला फरक दाखवला आहे. पाच गुण. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले, तेव्हा आलेल्या बहुतेक श्रद्धांजल्यांतही हेच उत्तर थोड्या मोठ्या शब्दांत लिहिलेलं होतं. मी त्या आठवड्यात कथा पुन्हा वाचली आणि मला ती त्या उत्तरापेक्षा बरीच चांगली वाटली. एका ठिकाणी ती त्या उत्तराइतकीच अपुरी वाटली, हेही खरं.

आधी चांगल्या बाजूबद्दल.

ही कथा चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. तिच्यानंतर बऱ्याच काळाने, १९९८ मध्ये, हॉलिवूडने 'आर्मागेडन' काढला. त्यात टेक्सासएवढा लघुग्रह येतो. तेलविहिरी खणणारी माणसं त्यावर उतरतात, भोक पाडतात, आत बॉम्ब ठेवून त्याचे दोन तुकडे करतात आणि ते तुकडे पृथ्वीच्या दोन्ही बाजूंनी सभ्यपणे निघून जातात. नारळीकरांच्या तज्ज्ञांना असं काही सुचत नाही. त्यांना फोडायचं नसतं, वळवायचं असतं. बरेच महिने आधी छोटासा धक्का दिला, तर पुढे लाखो किलोमीटरचा फरक पडतो, एवढाच त्यांचा हिशेब. गोष्ट पुढे सरकते ती बैठका, मसुदे आणि कामाची वाटणी यांतून. आमच्या क्षेत्रात रात्री तीन वाजता सर्व्हर पडल्यावर जो कॉन्फरन्स कॉल लागतो, त्यावर बसलेल्या कुणालाही हे वातावरण ओळखीचं वाटेल. तिथे नायक नसतो. लॉग वाचणारी माणसं असतात आणि 'हे बदललं तर अजून काय तुटेल' असं विचारणारा एखादा वैतागवाणा सीनियर असतो.

वळवणं खरंच जमतं का, याची पहिली प्रत्यक्ष चाचणी २०२२ मध्ये झाली. भारतीय वेळेनुसार २७ सप्टेंबरच्या पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी नासाचं 'डार्ट' यान एका लघुग्रहावर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने आदळलं. यात ना अणुबॉम्ब होता, ना माणूस. फ्रिजपेक्षा फार मोठं नसलेलं, साधारण पावणेसहाशे किलोचं यंत्र फक्त जाऊन धडकलं.

लक्ष्य निवडलं होतं ते मात्र गमतीचं. डिडिमॉस नावाचा सुमारे पाऊण किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आहे. त्याला स्वतःचा चंद्र आहे, डिमॉर्फस, जेमतेम १६० मीटरचा. डार्ट आदळलं ते या चंद्रावर. कारण मोजमापाचं होतं. एकट्या लघुग्रहाला धक्का दिला, तर सूर्याभोवतीच्या त्याच्या कक्षेत पडलेला अतिसूक्ष्म फरक दिसायला दीर्घ काळ थांबावं लागेल. पण चंद्र आपल्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारत होता. तो पुढे आला किंवा मागे गेला, की एकूण प्रकाश किंचित मंदावतो आणि पृथ्वीवरच्या दुर्बिणींना ते घड्याळासारखं मोजता येतं. फेरीच्या वेळेत किमान ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी, असं आधी ठरलं होतं. प्रत्यक्षात फरक पडला ३२ मिनिटांचा.

७३ सेकंदांच्या किमान अपेक्षेला ३२ मिनिटं मिळणं ही आनंदाची बातमी होतीच. पण कुठल्याही इंजिनियरला अशा आकड्याने थोडी अस्वस्थताही वाटते. अपेक्षेपेक्षा इतकं जास्त कसं आलं?

कारण तो दगड एकसंध नव्हता. डिमॉर्फस म्हणजे दगडगोट्यांचा ढीग निघाला. आदळताक्षणी त्यातून निदान हजार टन माल उलट दिशेने उसळला, त्याची हजारो किलोमीटर लांब शेपटी तयार झाली. रॉकेटमधून वायू मागे फेकला की रॉकेट पुढे जातं, तसा या उसळलेल्या मालाने चंद्राला उरलेला धक्का दिला. अभ्यासकांच्या अंदाजाने एकूण परिणाम नुसत्या यानाच्या धडकेच्या साडेतीन पटींच्या आसपास होता. म्हणजे ढकलण्याचं निम्म्याहून जास्त काम आपण पाठवलेल्या यंत्राने केलंच नाही, ते त्या ढिगाने स्वतःच केलं. किती करेल, हे आदळेपर्यंत कुणालाही नेमकं सांगता येत नव्हतं. म्हणून तर युरोपचं 'हेरा' यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडे निघालं. २०२६ च्या अखेरीस पोहोचून त्या चंद्राचं वजन आणि अंतरंग जवळून तपासायचं, असं नियोजन आहे.

लघुग्रहांना चंद्र असतात, हे नारळीकरांनी कथा लिहिली तेव्हा पक्कं माहीतच नव्हतं. पहिला पक्का पुरावा मिळाला १९९४ मध्ये. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाने आदल्या वर्षी आयडा या लघुग्रहाचे फोटो काढले होते. त्यांत बाजूला एक ठिपका दिसला. तो होता डॅक्टिल, दीडेक किलोमीटरचा चंद्र. मग प्रश्न आला, की इतक्या किरकोळ गुरुत्वाकर्षणाच्या दगडांना चंद्र मिळतात कुठून?

या प्रश्नाचं एक उत्तर मला व्यवसायामुळे फार आवडतं. २००१ मध्ये पॅट्रिक मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लघुग्रहांच्या टकरींची संगणकीय प्रतिरूपं मांडली. एकाच प्रोग्रामने हे होत नाही, कारण टक्कर दोन अगदी वेगळ्या वेगांनी घडते. दगड फुटणं काही सेकंदांत आटोपतं. तिथे भेगा कशा पसरतात याचं गणित लागतं. त्यानंतर तास, दिवस लागतात ते तुकड्यांनी एकमेकांना ओढण्याला. तिथे फक्त गुरुत्वाकर्षणाचं गणित. म्हणून एका प्रोग्रामचा निकाल दुसऱ्याच्या हवाली करायचा. निकाल असा आला, की मोठ्या टकरीत मूळ दगडाचा चुरा होतो आणि मग त्या चुऱ्यातले बरेच तुकडे पुन्हा एकत्र जमून नवे ढीग बनतात. काही तुकडे जमलेल्या मोठ्या ढिगाभोवती फिरत राहतात. हेच चंद्र. जो टिकला तो एकसंध राहून टिकला नाही, फुटून पुन्हा जमला म्हणून टिकला.

छोट्या लघुग्रहांचं दुसरं उत्तर २००८ मध्ये आलं. वेडावाकडा दगड सूर्याची उष्णता शोषतो आणि असमान रीतीने बाहेर टाकतो. त्याचा अतिशय हलका पीळ बसत बसत लाखो वर्षांत दगडाची गिरकी वाढते. दोन-सव्वादोन तासांत एक गिरकी या मर्यादेपाशी ढिगाची पकड सुटते, विषुववृत्तावरून माल निसटतो आणि बाहेर जमून चंद्र होतो. डिडिमॉस आजही सुमारे सव्वादोन तासांत स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांपैकी साधारण १५ टक्क्यांना असा जोडीदार असावा, असा अंदाज आहे.

आता 'धूमकेतू'कडे परत. कथेतला धूमकेतू एकच एक, घट्ट वस्तू आहे. योग्य जागी योग्य वेळी स्फोट केला की ती ठरलेल्या दिशेला सरकते. यासाठी मी लेखकाला अजिबात दोष देत नाही, त्या काळी आकाशातल्या दगडाकडे बघायची रीतच ती होती. माझी तक्रार दुसरीकडे आहे. कथेत समाजही तसाच घट्ट गोळा आहे. वर तज्ज्ञ, खाली जनता. वरून माहिती सोडली, की जनता घाबरणार. दिशा ठरलेली, परिणाम ठरलेला. म्हणून माहिती सोडायचीच नाही.

बैठकीतल्या शहाण्या माणसांपैकी कुणालाही हा निर्णय जड जात नाही. फोर्सिथचा निबंध रोखणं हा त्यांना समंजसपणा वाटतो, आणि कथाही तो तसाच सांगते. नारळीकरांची बाजू घ्यायची तर त्यांच्या पिढीची आठवण लक्षात घ्यायला हवी. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही आली तेव्हा जगबुडीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले होते. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब कोसळणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट झाली! तिचे तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. माझे बाबा तेव्हा शाळेत होते. 'आता मरायचंच आहे तर' म्हणून चाळीत दोन दिवस गोडधोड झालं, असं ते सांगतात. सर जॉनची काळजी हवेतून आलेली नाही.

तरी एक साधा प्रश्न उरतो. इंद्राणीदेवींनी यज्ञ केला. धूमकेतू आला आणि काही न करता निघून गेला. अंतराळात काय घडलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आता त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? त्यांच्या हातात जेवढी माहिती आहे, तेवढ्यावर कुठलाही विचारी माणूस एकाच निष्कर्षाला येईल : यज्ञ लागू पडला. त्यांची श्रद्धा त्यांच्या डोक्यातून आलेली असेल. पण ती पक्की केली सर जॉनच्या गुप्ततेने. परीक्षेतल्या उत्तरात अंधश्रद्धा आणि विज्ञान समोरासमोर उभे असतात. कथेत विज्ञान बंद दाराआड बसलेलं आहे. आणि दारं बंद करणाऱ्यांनीच बाहेरच्यांना अज्ञानी म्हणायचं, हे मला पटत नाही.

कथेतली सगळ्यात चांगली जागा याच मुद्द्याला लागून आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. टक्कर होणार हे कळल्यावर दत्तदा म्हणतात, की हा धूमकेतू मी शोधला नसता तर बरं झालं असतं. सुरुवातीला अगदी हेच इंद्राणीदेवी म्हणाल्या होत्या आणि ते हसले होते. एकाच इच्छेपाशी दोघं दोन वाटांनी पोहोचतात, एक परंपरेच्या भीतीने आणि एक आकड्यांच्या भीतीने. नवरा-बायकोने समोरासमोर बसून बोलायची जागा हीच होती. दत्तदांनी तेव्हा 'तू म्हणालीस ते बरोबर नव्हतं, पण आज मला तुझ्यासारखंच वाटतंय' असं काही म्हटलं असतं, तर ही कथा मराठी विज्ञानकथेच्या फार वरच्या टोकाला गेली असती. नारळीकर तिथवर येतात आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतात. दत्तदा यज्ञावर चिडतात, इंद्राणीदेवी पुन्हा देवघरातल्या बाई होतात.

नारळीकरांच्या कथांवर नेहमीची टीका अशी, की त्यांत समजावणं जास्त आणि माणसं कमी. माझी तक्रार उलटी आहे. या कथेत ज्या एका माणसाला समजावून सांगायला हवं होतं, तिलाच कुणी काही समजावत नाही.

असं समजावणं जमतं का, याची चाचणी आपली नकळत होऊन गेली. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना तर ती विशेष आठवत असेल. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या एका स्वयंचलित दुर्बिणीला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह सापडला. आकार सुमारे ६० मीटर. म्हणजे अंधेरीची गिल्बर्ट हिल, गावदेवीच्या देवळाखालचा तो काळा कडा, साधारण तेवढीच उंच आहे. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर १ टक्क्याच्या थोडी वर गेली. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्के झाली. आदळलाच तर कुठे, याचा पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत होता. बातम्यांतल्या शहरांच्या यादीत मुंबईचं नाव होतं.

इथे कुठला सर जॉन नव्हता. धोक्याची यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली होती आणि नवं निरीक्षण आलं की आकडा बदलत होता. साहजिकच आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मुंबई नष्ट होणार' हा व्हिडिओ आला. पाठोपाठ भविष्यवेत्त्याचा व्हिडिओ आला, आणि मग पार्किंगबद्दलची नोटीस. सर जॉनने ज्याला घाबरून दार लावलं, ते सगळं आलं.

आणि तरी काय झालं? आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "काय रे, तीन टक्के म्हणजे किती?" मी सांगायला तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी दोन टक्के धोका सांगितला होता. सही केली मी. तेव्हा कुणी व्हिडिओ नाही काढला." त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. आकडा वाढत का चाललाय? दगड जवळ येतोय का?

हा प्रश्न उत्तम आहे. बऱ्याच बातम्यांनी तो विचारलासुद्धा नाही. मी त्यांना लोकलचं उदाहरण दिलं. समजा, बोरिवलीला नॅशनल पार्कमधलं एक माकड बारा डब्यांच्या गाडीत शिरलंय. तुम्ही सातव्या डब्यात. ते तुमच्या डब्यात असण्याची शक्यता बारात एक, साधारण ८ टक्के. पुढच्या स्टेशनवर कळतं, की पहिल्या चार डब्यांत नाही. उरले आठ, शक्यता साडेबारा टक्के. मग कळतं, शेवटच्या चारांतही नाही. उरले चार, शक्यता थेट २५ टक्के. माकड जागचं हललेलं नाही, फक्त आपल्याला जास्त कळलंय. मग कुणीतरी ओरडतं, पाचव्यात आहे. शक्यता शून्य. लघुग्रहाचंही असंच होतं. शक्यतेचा पट्टा आक्रसत जातो आणि पृथ्वी अजून त्यात असेल तोवर आकडा वाढतो. बहुतेक वेळा शेवटी एकदम पडतो.

तसंच झालं. १९ फेब्रुवारीला आकडा निम्म्यावर आला आणि त्याच आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर. काकू म्हणाल्या, "पाचव्या डब्यात निघालं म्हणजे." मग हसून म्हणाल्या, "मी रामरक्षाही म्हणत होते हां रोज."

त्या वाक्यावर मी बराच विचार केला. काकूंनी शक्यतेचं गणित समजून घेतलं, तेही माझ्या ऑफिसातल्या काही लोकांपेक्षा लवकर, आणि रामरक्षाही म्हटली. परीक्षेच्या उत्तरात त्यांना बसवायचं कुठे? दत्तदांच्या रकान्यात की इंद्राणीदेवींच्या? खरी माणसं अशी रकान्यांत नसतात. तीही ढीगच असतात. श्रद्धा, अनुभव, ऐकीव माहिती, डॉक्टरांनी सांगितलेलं, शाळेत शिकलेलं, सगळं एकत्र जमलेलं. त्यांना नवी माहिती धडकली की काय उसळेल, किती वळेल, हे आधी नेमकं सांगता येत नाही. डार्टच्या वेळी हे अनिश्चितपण आपल्याच बाजूने कामाला आलं. ते माणसांच्या बाबतीतही कधीकधी येतं, एवढी शक्यता तरी सर जॉनने धरायला हवी होती. जिन्यातल्या एका संभाषणावरून सगळ्या समाजाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळतं. भविष्यवेत्त्याचा व्हिडिओ माझ्या लोकलच्या उदाहरणापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला असणार. पण गुप्ततेच्या बाजूने तर एकही प्रयोग झालेला नाही, फक्त गृहीतक आहे.

आणि खुद्द नारळीकर त्या गृहीतकावर थांबले नाहीत. माझ्या या टीकेला सगळ्यात मोठा आधार त्यांच्याच कामाचा आहे. त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या मिळून २०० पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं : प्रत्येकी ४० पत्रिका घ्या आणि कुठली कुणाची ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश आलं ४६ टक्के, नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. हे सगळं २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

यात चिडणं नाही, बंद दार नाही. समोरच्याला अज्ञानी ठरवण्याआधी त्याला बोलावलं, नियम सांगितले, आकडे सगळ्यांसमोर ठेवले. कथेतले दत्तदा इंद्राणीदेवींशी हे करत नाहीत. कथालेखक नारळीकरांपेक्षा शास्त्रज्ञ नारळीकर सामान्य माणसावर जास्त विश्वास ठेवत होते, असं मला यावरून वाटतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक झुकू नयेत म्हणून. निकाल उघड आणि निष्पक्ष असावा हा आग्रह त्यांच्या स्वभावातच होता. 'धूमकेतू'त तो आग्रह कुठे गेला, हे कोडं मला सुटलेलं नाही.

२०२१ चा 'डोन्ट लूक अप' आला तेव्हा अनेकांना ती 'धूमकेतू'ची उलटी बाजू वाटली. तिथे शास्त्रज्ञ ओरडून सांगतात आणि कुणी ऐकत नाही. पण त्या चित्रपटातही जनता एकच एक मूर्ख गोळा आहे. एक कथा म्हणते, सांगू नका, घाबरतील. दुसरी म्हणते, सांगून उपयोग नाही, हसतील. दोन्हींत जिन्यात थांबून 'वाढत का चाललाय' असं विचारणाऱ्या बाईला जागा नाही.

'धूमकेतू' वाचायलाच हवी. डार्टच्या कितीतरी आधी एका मराठी लेखकाने जगाचा अंत टाळण्याचं काम कारकुनी चिकाटीने करायचं काम म्हणून लिहिलं, ही मोठी गोष्ट आहे. शाळेत ती शिकवतानाही एवढं करता येईल, की प्रश्नपत्रिकेत 'फरक स्पष्ट करा' ऐवजी विचारावं : फोर्सिथचा निबंध छापायला हवा होता का? इंद्राणीदेवींना काय आणि कसं सांगितलं असतं? आठवीतली मुलं यावर तासभर भांडतील.

पुढची कथा कुणीतरी लिहायला हवी. तिच्यात दगडाला चंद्र असेल, धक्का दिल्यावर तो अपेक्षेपेक्षा भलताच वळेल, आणि धोक्याचा आकडा दत्तदांच्या आधी इंद्राणीदेवींच्या मोबाइलवर आलेला असेल. त्या तो दोनदा वाचतील आणि नवऱ्याला विचारतील, हा वाढतोय की नुसता स्पष्ट होतोय?